साठा आणि वापर : शालेय ग्रंथालयाच्या नियोजनाचा व मूल्यमापनाचा आढावा, चाळीसगाव तालुक्याच्या संदर्भात

शालेय ग्रंथालयाविषयीची चर्चा महाराष्ट्रात बहुधा पुस्तके किती, कपाटे किती आणि ग्रंथपालाचे पद मंजूर आहे की नाही, या तीन प्रश्नांभोवती फिरते. हे प्रश्न गौण नाहीत. मात्र त्यांची उत्तरे समाधानकारक मिळाली तरी शाळेच्या पटावरील किती मुलांनी वर्षभरात एखादे पुस्तक घरी नेले, कोणत्या मुलांनी एकही नेले नाही आणि का नेले नाही, हे त्यांतून कळत नाही. प्रस्तुत लेखात नियोजन हा शब्द दोन-तीन वर्षांत ग्रंथालयाकडून काय साधायचे हे आधी ठरवून त्यासाठी ग्रंथ, वेळ, माणूस आणि पैसा यांची सांगड घालणे या अर्थाने, तर मूल्यमापन हा शब्द ठरविलेले कितपत साधले हे ठराविक नोंदींच्या आधारे तपासून पुढील वर्षाचा आराखडा बदलणे या अर्थाने वापरला आहे. चाळीसगाव तालुक्यात शहरातील अनुदानित माध्यमिक विद्यालये, गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा, डोंगरपायथ्याच्या तांड्यांवरील लहान शाळा आणि नव्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळा अशा सर्व तऱ्हा शेजारीशेजारी नांदतात. त्यामुळे सगळीकडे एकच मापदंड लावला तर काय होते, हे या तालुक्याच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे पाहता येते.

जुनी तक्रार, जुना उपदेश

शालेय ग्रंथालयांचे निदान नवे नाही. माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने आपल्या अहवालात म्हटले होते की, शाळांतील पुस्तके बहुतांशी जुनी व मुलांच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेली असतात, अपुऱ्या आणि अनाकर्षक खोलीतील कपाटांत बंद असतात, आणि त्यांची जबाबदारी अनेकदा ग्रंथांची आवड वा ग्रंथालयशास्त्राची जाण नसलेल्या कारकुनावर किंवा शिक्षकावर टाकलेली असते. त्याआधी दोन दशके, १९३१ मध्ये, शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले होते. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, ही त्यांची पाच सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. तरीही शाळेतील तपासणीच्या वेळी पहिल्या सूत्राऐवजी पुस्तके जागच्या जागी आहेत की नाहीत, हेच आधी पाहिले जाते.

याचे कारण व्यक्तींच्या अनास्थेत शोधण्यापेक्षा जबाबदारीच्या रचनेत शोधणे अधिक योग्य ठरेल. शाळेत आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत क्रमांकाने चढते, वर्षाकाठी त्याची पडताळणी होते, आणि ग्रंथालयाचा चार्ज एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकाचा हिशेब द्यावा लागतो. हरवलेल्या पुस्तकाबद्दल जाब विचारणारा कोणीतरी असतो, परंतु न वाचल्या गेलेल्या पुस्तकाबद्दल विचारणारा कोणी नसतो. अशा स्थितीत ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्या दृष्टीने कुलूपबंद कपाट हीच सर्वांत सुरक्षित व्यवस्था ठरते. म्हणून शालेय ग्रंथालयाच्या नियोजनाची सुरुवात काय मोजायचे हे बदलण्यापासून व्हावी लागते, आणि या आढाव्याचे मुख्य प्रतिपादनही तेच आहे.

नियमांची चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके तसेच गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असणे आवश्यक आहे. गोष्टीच्या पुस्तकांचा हा स्पष्ट उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे शब्दकोश, मार्गदर्शिका आणि प्रश्नसंच यांनी कपाट भरून कायद्याची पूर्तता झाली असे म्हणता येत नाही. याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखडा तयार करण्याचे कर्तव्य सोपविले असल्यामुळे, ग्रंथालयाच्या नियोजनाला वेगळा नवा कागद लागत नाही. याच आराखड्यात त्याला स्वतंत्र स्थान देणे पुरेसे आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार साधारणतः ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली.

मनुष्यबळाची बाजू मात्र लंगडी आहे. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पूर्णवेळ पद साधारणतः एक हजाराच्या पुढील पट असलेल्या शाळांना मिळते, त्याखालील मध्यम शाळांसाठी अर्धवेळ पदाची प्रथा पडली, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत असे पदच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आणि त्याखालील अ, ब, क, ड अशी वर्गवारी व अनुदान सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे. शाळेचे ग्रंथालय शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे एकाच गावात दोन ग्रंथालये असली तरी त्यांचे खाते, तपासणी आणि पैसा वेगवेगळा राहतो. चाळीसगाव शहरात शेठ नारायण बंकट वाचनालयासारखी सार्वजनिक संस्था असताना शाळांनी तिच्याशी सामूहिक सभासदत्वाचा किंवा ठराविक दिवशीच्या वर्गभेटीचा करार करणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. त्याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, फक्त दोन्हीकडच्या वार्षिक आराखड्यात त्याची नोंद असायला हवी.

तालुक्याची जमीन आणि तिचे वाचक

चाळीसगावपासून थोड्या अंतरावर, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचे मंदिर आहे. तेथील शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू आणि सिंघण यादवाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. या मठासाठी बाजारातील व्यवहारांचा आणि तेलघाण्यांचा ठराविक वाटा लावून दिला होता. ग्रंथ कोणते, ते कोणासाठी आणि खर्च दरवर्षी कोठून येणार, या तिन्ही गोष्टी तेथे एकाच लेखात बांधलेल्या दिसतात. आजच्या भाषेत बोलायचे तर उद्दिष्ट, वाचक आणि आवर्ती निधी यांची ही स्पष्ट जोडणी होय. बऱ्याच शालेय ग्रंथालयांना एकदाची देणगी मिळते, उद्घाटन होते आणि आवर्ती निधीची सोय नसल्याने संग्रह त्याच वर्षी गोठतो. त्या दृष्टीने हा आठशे वर्षांपूर्वीचा दानलेख आजही अभ्यासण्यासारखा आहे.

आजच्या वाचकांचा विचार करताना भाषेपासून सुरुवात करावी लागते. तालुक्यातील अनेक मुलांच्या घरी अहिराणी, तांड्यांवर गोरमाटी आणि काही वस्त्यांवर भिली बोली चालते, तर शाळेतील पुस्तके प्रमाण मराठीत, अलीकडे सेमी इंग्रजीमुळे काही प्रमाणात इंग्रजीतही असतात. पहिली-दुसरीच्या मुलाला घरच्या बोलीतून पुस्तकाकडे येण्याची वाट असावी लागते, आणि या बोलींत बालसाहित्य थोडे असल्याने ग्रंथालयाने संग्राहकाबरोबरच निर्मात्याचीही भूमिका घेणे येथे आवश्यक होते. आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी, कोडी आणि म्हणी मुलांनी लिहून, चित्रे काढून, दोऱ्याने शिवून तयार केलेली हस्तलिखिते दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक देऊन घेतली, तर ती पुस्तके म्हणून देवघेवीत येतात. खान्देशात या प्रथेला पूर्वपीठिका आहे; साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. छापील संग्रहातही प्रदेशाचे स्थान ठरवून ठेवता येते. लेवा बोलीतील बहिणाबाई चौधरींची गाणी, धरणगावी जन्मलेल्या बालकवींच्या कविता, आणि चाळीसगावचे डॉ. पूर्णपात्रे यांचे पाळलेल्या सिंहिणीवरील, पाठ्यपुस्तकामुळे राज्यभर पोहोचलेले ‘सोनाली’ ही पुस्तके मुलांना आपल्या परिसराशी जोडतात.

दुसरी बाब स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा शाळेत जून ते ऑक्टोबर हाच मुख्य वाचनकाळ असतो, त्यामुळे मार्चअखेर आलेले अनुदान आणि त्यातून घाईने घेतलेली पुस्तके या मुलांच्या हाती पुढच्या जूनपर्यंत पडत नाहीत. येथे नियोजनाचा अर्थ असा की, पुस्तकांची मागणी-यादी आधीच्या वर्षीच तयार असावी, जी मुले हंगामी वसतिगृहात राहतात तेथे पुस्तकांचा संच पोहोचवावा, आणि पालकांबरोबर जाणाऱ्या मुलांना दोन-तीन पुस्तके परतीच्या अटीविना सोबत द्यावीत. तिसरी बाब हवामानाची. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराचे पाणी शहरात शिरले होते. नदीकाठच्या शाळांनी कपाटांचा खालचा खण रिकामा ठेवणे, दाखल नोंदवहीची छायाप्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी वाळवीची तपासणी करणे या गोष्टी त्यामुळे आराखड्यात लिहून ठेवाव्या लागतात.

नियोजनाची चार अंगे

पहिले अंग संग्रहाचे. एका केंद्रातील दहा शाळांनी प्रत्येकी चाळीस पुस्तकांची एक वाचनपेटी तयार केली आणि दर महिन्याला पेट्यांची अदलाबदल केली, तर दहा महिन्यांत प्रत्येक शाळेतील मुलांपुढून चारशे पुस्तके जातात, आणि प्रत्येक शाळेचा खर्च केवळ चाळीस पुस्तकांचा होतो. बालपुस्तकाची सरासरी किंमत शंभर रुपये धरल्यास हा खर्च चार हजारांच्या घरात, म्हणजे प्राथमिक शाळेच्या अनुदानाच्या मर्यादेत बसतो. मात्र दहाही शाळांनी एकच यादी वापरली तर हा सारा हिशेब कोलमडतो. म्हणून खरेदीचा निर्णय केंद्रप्रमुखांच्या बैठकीत एकत्र, आणि पुस्तके मात्र शाळागणिक वेगळी, असे ठरवावे लागते. बालभारतीचे नोव्हेंबर १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त बालपुस्तके आणि प्रथम बुक्सचा २०१५ पासूनचा स्टोरीविव्हर हा मुक्त संग्रह ही खरेदीची स्वस्त किंवा विनामूल्य साधने आहेत. स्टोरीविव्हरमधील गोष्टी छापून घेण्याचा खर्च मात्र आराखड्यात धरावा लागतो.

दुसरे अंग वेळेचे आहे. शिक्षणाचा अधिकार अधिनियमाच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस धरलेले आहेत. आठवड्याला एक ग्रंथालय तासिका ठेवली तरी वर्षात सुमारे छत्तीस तासिका होतात. परीक्षा, स्नेहसंमेलन आणि निवडणुकीची कामे यांत सर्वांत आधी याच तासिकेचा बळी जातो, म्हणून वेळापत्रकावरील तासिका आणि प्रत्यक्ष झालेली तासिका अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवणे हा नियोजनाचाच भाग ठरतो. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवसाचा उत्साह स्वागतार्ह असला तरी एका दिवसाच्या छायाचित्रांनी उरलेल्या तासिकांची भरपाई होत नाही.

तिसरे अंग माणसाचे आहे. ग्रंथपालाचे पद नसलेल्या शाळेत एका शिक्षकाकडे जबाबदारी देताना त्याला आठवड्याच्या किती तासिकांतून मोकळीक दिली, हे आदेशात लिहिलेले नसेल तर ती जबाबदारी कागदावरच राहते. पाचवीपुढील विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय समितीकडे देवघेव सोपविता येते, आणि त्यामुळे शिक्षकाचा वेळ मुलांशी पुस्तकांबद्दल बोलण्यासाठी राहतो. चौथे अंग पैशाचे. अनुदान, विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे ग्रंथालय शुल्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि ग्रामपंचायतीचा निधी या चार स्रोतांपैकी कोणता आवर्ती व कोणता एकवेळचा, हे वेगळे दाखविले तरच तीन वर्षांचा आराखडा अर्थपूर्ण होतो.

मोजपट्ट्या आणि त्यांच्या मर्यादा

सध्या शाळेच्या ग्रंथालयावर तीन मोजपट्ट्या लावल्या जातात. यू-डायस प्लस या वार्षिक माहितीसंकलनात ग्रंथालय आहे का, पुस्तके किती, ग्रंथपाल आहे का अशी साधनसंपत्तीची नोंद होते. राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेने २०१५ मध्ये आणलेल्या शाळासिद्धी या मूल्यांकन आराखड्यात सात क्षेत्रांपैकी पहिल्या क्षेत्रात ग्रंथालय हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्यात उपलब्धतेबरोबरच गुणवत्ता व उपयुक्तता यांचाही स्तर शाळेने स्वतः ठरवायचा असतो. हे एक पाऊल पुढे आहे, परंतु स्तर ठरविताना आधार म्हणून कोणते आकडे घ्यायचे हे शाळेवर सोडलेले असल्याने तो अंदाजावर ठरू शकतो. तिसरी मोजपट्टी प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीची. या पाहणीतील स्वयंसेवक शाळेला भेट देतात त्या दिवशी मुले पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्तची पुस्तके प्रत्यक्ष हाताळताना दिसली का, याची नोंद करतात. देशभरातील ग्रामीण शाळांत हे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ३७ टक्के, २०२२ मध्ये ४४ टक्के आणि २०२४ मध्ये ५१ टक्क्यांच्या आसपास होते. सुधारणा उघड आहे, आणि जवळजवळ निम्म्या शाळांत त्या दिवशी पुस्तके मुलांच्या हाती नव्हती हेही तितकेच उघड आहे. उपलब्धता आणि वापर यांतील दरी मोजण्यासाठी ही साधी युक्ती पुरेशी ठरते, आणि तीच शाळेलाही स्वतःपुरती वापरता येते.

त्यासाठी लागणारी माहिती बहुतेक शाळांत आधीपासूनच असते. ती देवघेव नोंदवहीत दडलेली असते. या वहीत तारीख, दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता, सही आणि परतीची तारीख असे रकाने असतात. वर्षाअखेरीस या वहीतून पाच आकडे काढता येतात. ते म्हणजे दर विद्यार्थी सरासरी देवघेव, वर्षभरात एकही पुस्तक न नेलेल्या मुलांची संख्या, मुली व मुले यांतील फरक, महिनावार चढउतार, आणि दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी. समजा, चारशेच्या पटाच्या शाळेत वर्षाला बाराशे नोंदी झाल्या. सरासरी तीन पुस्तके ही बरी वाटते. परंतु या नोंदी दीडशे मुलांच्याच नावावर असतील, तर अडीचशे मुले ग्रंथालयाबाहेर आहेत आणि सरासरीने ते झाकले आहे, हे लक्षात येते. ही अडीचशे मुले कोणत्या इयत्तेची, कोणत्या वस्तीची आणि कोणत्या घरच्या भाषेची, हे पाहिले की पुढील वर्षाची खरेदी, तासिका आणि वाचनपेट्यांचा मार्ग हे सगळे त्यावरून ठरविता येते. न हललेल्या पुस्तकांची यादीही तितकीच बोलकी असते. एखाद्या संचातील सर्व पुस्तके तशीच पडून असतील तर दोष वाचकांचा मानण्याआधी खरेदीच्या पद्धतीची तपासणी व्हायला हवी.

पुस्तक फाटते किंवा हरवते, आणि येथेच जबाबदारीचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात देवघेव वा वापर झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसल्यास, वाजवी मानली आहे. राज्यातील शाळांना हा नियम थेट लागू होत नसला तरी त्यातील तत्त्व अनुकरणीय आहे, कारण त्यात हानीची मर्यादा वापराच्या प्रमाणात मोजली जाते, म्हणजे जितका वापर अधिक तितकी हानीची मुभाही अधिक. अशी मर्यादा आणि जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, पद्धत संस्थेने ठरावाने स्वीकारली तर किल्ली सांभाळणाऱ्यावरची भीती कमी होते आणि कपाट उघडे राहू शकते.

फलिताचा प्रश्न

ग्रंथालयामुळे शिकणे खरोखर वाढते का, हा शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरिबीसारखे घटक विचारात घेऊनही, ग्रंथालयाचा संग्रह व कर्मचारी यांचा विद्यार्थ्यांच्या गुणांशी संबंध दिसून आला. ओहायोत २००४ मध्ये रॉस टॉड आणि कॅरल कुल्थाउ यांनी तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनाच ग्रंथालयाने आपल्याला कशी मदत केली हे विचारले. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वेही पुराव्यावर आधारित मूल्यमापनावर भर देतात. तथापि पूर्णवेळ प्रशिक्षित ग्रंथपाल गृहीत धरणारे हे निष्कर्ष तांड्यावरील दोनशिक्षकी शाळेला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल, कारण तेथे कोणता बदल ग्रंथालयामुळे आणि कोणता शिक्षकामुळे झाला हे वेगळे करता येत नाही. अशा शाळेसाठी ओहायोचा मार्ग अधिक उपयुक्त आहे. वर्षातून दोनदा मुलांना आवडलेले पुस्तक, न कळलेले पुस्तक आणि हवे असलेले पुस्तक विचारून त्यांची उत्तरे मागणी-यादीत थेट उतरविली, तर मूल्यमापन आणि नियोजन यांतील अंतर उरत नाही. वाचनाची पातळी तपासायची असेल तर निपुण भारत अभियानाच्या चाचण्या शाळेत होतच असतात. त्यांचे निकाल देवघेवीच्या नोंदींशेजारी ठेवून पाहावेत, परंतु त्यांवरून ग्रंथालयाच्या यशाचा एकतर्फी दावा करू नये.

या साऱ्या आढाव्यातून चाळीसगाव तालुक्यासाठी एक तीन वर्षांचा क्रम सुचतो. पहिल्या वर्षी नवे काहीही विकत न घेता देवघेव नोंदवही नीट ठेवून तिचे पाच आकडे काढावेत आणि निर्लेखनाचा ठराव करावा. दुसऱ्या वर्षी त्या आकड्यांनुसार केंद्रनिहाय वाचनपेट्या, स्थलांतरित मुलांचे संच व बोलीतील हस्तलिखिते यांची व्यवस्था करावी. तिसऱ्या वर्षी एकही पुस्तक न नेलेल्या मुलांचा आकडा किती खाली आला हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावे आणि शाळासिद्धीच्या स्वयंमूल्यांकनात ग्रंथालयाचा स्तर त्यावरूनच ठरवावा. पहिल्या वर्षाच्या कामाला एक वही आणि वर्षाअखेरचे दोन दिवस एवढेच लागते, त्यामुळे निधी आल्यावर पाहू ही सबब त्यापुरती तरी टिकत नाही. पदे मंजूर करून घेण्याची मागणीही याच आकड्यांमुळे बळकट होते, कारण किती मुले ग्रंथालयाबाहेर आहेत हे नावानिशी सांगू शकणाऱ्या शाळेची मागणी केवळ रिक्त पदांचा तक्ता जोडणाऱ्या शाळेपेक्षा टाळणे कठीण असते.